यादीतलं नाव

करकंबपासून थोड्या अंतरावर, मुख्य रस्ता सोडून दीड-दोन किलोमीटर आत, उसाच्या फडांत आणि बोरीच्या बागांत विखुरलेलं एक गाव. गावठाणात देऊळ, शाळा, ग्रामपंचायत आणि दोनेकशे उंबरे. बाकीची माणसं वस्त्यांवर राहतात. अशाच एका वस्तीवरची मोठी मुलगी पंढरपूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात तिला सगळे थोरली म्हणायचे, म्हणून गोष्टीतही ती थोरलीच.

थोरली रोज एसटीनं जायची-यायची. सकाळी जाण्याचं काही वाटत नसे. खरी काळजी संध्याकाळी पाटीवर, म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या गावाच्या फाट्यावर, उतरल्यावर सुरू व्हायची. दिवाळी सरली की साखर कारखान्यांचा हंगाम भरात येतो आणि सहा वाजताच दिवस बुडतो. उसानं लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जात असतात, मागे लाल दिवा असेल याचा भरवसा नाही. पाटीवर विजेचा खांब होता, त्यावर दिवा नव्हता. थोरली आणि शेजारच्या वस्तीवरची तिची मैत्रीण मोबाइलच्या उजेडात घर गाठायच्या. एक दिवस मैत्रिणीच्या वडलांनी शांतपणे सांगून टाकलं की एवढं वर्ष झालं की कॉलेज बास. त्यांनी आरडाओरडा केला नाही, मुलीवर संशयही घेतला नाही. त्यांना अंधाराचं भ्या वाटत होतं आणि ते भ्या खोटं नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलेजात संविधान दिन होता. 26 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेनं राज्यघटना स्वीकारली, म्हणून 2015 पासून हा दिवस देशभर पाळला जातो. थोरलीचा आवाज स्वच्छ आणि पाठांतर पक्कं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी तिलाच पुढं उभं केलं. तिनं उद्देशिका न अडखळता म्हटली, मागून सगळ्यांनी म्हटली, फोटो निघाले. कार्यक्रम मनापासून झाला होता. उद्देशिका पाठ असणं ही चांगलीच गोष्ट आहे, माझं त्याबद्दल दुमत नाही.

कार्यक्रम संपल्यावर राज्यशास्त्राच्या बाईंनी वर्गाला एक काम दिलं.

“26 जानेवारीला आपापल्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसायचं. जे दिसेल ते दोन पानांत लिहायचं. पुस्तकातलं एकही वाक्य नको.”

“सुट्टी असते बाई त्या दिवशी,” मागून कुणीतरी म्हणालं.

“म्हणूनच तो दिवस सांगितला,” बाई म्हणाल्या.

थोरलीनं मात्र मनाशी पक्कं केलं. नुसतं बसायचं नाही, पाटीवरच्या दिव्याचं विचारायचं.

26 जानेवारीला झेंडावंदन झालं. पोरांना खाऊ वाटला. माणसं पांगायला लागली. ग्रामसभेची वेळ झाली तेव्हा सतरंजीवर पन्नास-साठ जण होते, बहुतेक पुरुष, बहुतेक गावठाणातले. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीला गावातल्या एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर माणसं लागतात, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. या गावाला शंभर लागत होती. वाट बघणं सुरू झालं. तेवढ्या वेळात थोरली उठली आणि म्हणाली, “मला पाटीवरच्या दिव्याबद्दल विचारायचंय.”

पुढच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पटका, धोतर, हातात काठी. ते वळून बघत म्हणाले, “पोरी, तुजं नाव हाय का यादीत?”

“कसल्या यादीत?”

“मतदाराच्या.”

थोरली गप्प झाली. तिला अठरा पूर्ण होऊन वर्ष उलटलं होतं. नाव नोंदवायचं कधी सुचलंच नव्हतं. ग्रामसेवकांनी रजिस्टरातून मान वर केली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, “ताई, बसा तुम्ही, ऐका. पण ग्रामसभेचा सभासद म्हणजे ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तो. कायदाच आहे तसा.”

शंभर माणसं काही जमली नाहीत. सभा तहकूब झाली. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते, दहा माणसांतही ती चालते. थोरलीनं हे सगळं वहीत टिपलं. घरी आल्यावर ती जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती तावातावानं बाईंकडे गेली. “मला बोलू दिलं नाही. मी बाई आहे म्हणून, लहान आहे म्हणून.”

बाईंनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. मग कपाटातून राज्यघटना काढून तिच्यापुढं ठेवली. “कलम 243 काढ. ग्रामसभेची व्याख्या वाच.”

तिनं वाचली. गावाच्या मतदार यादीत नोंदलेल्या व्यक्तींची मिळून ग्रामसभा होते, असाच तिचा अर्थ होता. 73 व्या घटनादुरुस्तीनं हा सगळा भाग राज्यघटनेत आला आणि 24 एप्रिल 1993 पासून तो लागू आहे.

“त्या आजोबांनी तुला गप्प केलं नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांनी तुला राज्यघटना सांगितली. त्यांनी पुस्तक वाचलेलं नसेल, पण ते सभेला बसत आलेत. तू उद्देशिका म्हणतेस, त्यातल्या ‘आम्ही’मध्ये तू आहेसच. तो हक्क तुला कुणी देऊ केलेला नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. पण गावात तो वापरायचा तर आधी नाव नोंदवावं लागतं, आणि ते काम तुझ्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.”

मग त्यांनी वर्गात विचारलं की किती जणांचं नाव यादीत आहे. थोडे हात वर झाले. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. सगळे अठराच्या पुढचे. 61 व्या घटनादुरुस्तीआधी, म्हणजे 1989 पर्यंत, मतदानाला एकवीस वर्षं पूर्ण लागत. देशानं तरुणांवर विश्वास टाकून तीन वर्षं अलीकडं आणली आणि तरुणांनी ती वाया घालवली, याचं बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. त्या दिवशी नेमलेला धडा बाजूला ठेवला आणि पंढरपूरचीच एक हकिगत सांगितली.

29 एप्रिल 1947. देश स्वतंत्र व्हायचा होता, पण दिल्लीत संविधान सभेचं काम सुरू झालं होतं. त्या दिवशी सभेनं मूलभूत हक्कांमधलं एक कलम मंजूर केलं, अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळली जाणार नाही, तिच्यामुळं कुणावर बंधन घालणं हा गुन्हा ठरेल. पुढं तेच राज्यघटनेचं 17 वं कलम झालं. त्यानंतर दोनच दिवसांनी, 1 मे 1947 ला, पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसले. मागणी एकच, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं करा. त्याआधी ते महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले होते, गावोगाव सभा घेतल्या होत्या, विहिरी आणि देवळं खुली करायला लोकांना तयार केलं होतं. दहा दिवस उपोषण चाललं. अखेर बडव्यांनी मंदिर खुलं करायचं मान्य केलं.

“बघा,” बाई म्हणाल्या, “दिल्लीत कलम मंजूर झालं होतं. तरी पंढरपूरचा दरवाजा आपोआप उघडला नाही. तो उघडा म्हणून कुणीतरी इथं येऊन बसावं लागलं. आणि बसायच्या आधी गावोगाव हिंडावं लागलं. उपोषण सगळ्यांच्या लक्षात राहतं, ते हिंडणं राहत नाही.”

थोरलीच्या मनात हे शेवटचं वाक्य रुतून बसलं.

त्या आठवड्यात वर्गातल्या मुलांनी नमुना 6 भरायला घेतला. हाच नाव नोंदणीचा अर्ज, मोबाइलवरही भरता येतो. थोरलीनं विधानसभा मतदारसंघाच्या रकान्यात सरळ ‘पंढरपूर’ लिहिलं. गावात मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ म्हणजे शाळेतलेच गुरुजी. ते हसले, म्हणाले, “अगं, तालुका पंढरपूर, पण आपली विधानसभा माढा.” आपला आमदार कोणत्या मतदारसंघातून निवडून जातो हे राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलीला तोवर ठाऊक नव्हतं. अशी माहिती परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून ती राहून जाते. विचारायला हवी असं मला वाटतं.

अर्ज मंजूर व्हायला वेळ होता. त्या वेळात थोरलीनं ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचा विकास आराखडा उघडून पाहिला. तो कुणालाही बघता येतो, त्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, उरलेल्या भागाचं गावानं ठरवायचं होतं. पथदिवे आराखड्यात होते, पण सगळे गावठाणातले. पाटीचं नाव कुठंच नव्हतं. थोरलीला आधी वाटलं, मुद्दाम डावललंय. तिनं ग्रामपंचायतीत जाऊन मागच्या सभांचं इतिवृत्त बघायला मागितलं. माहिती अधिकाराच्या कायद्यानं कागदपत्रं पाहता येतात हे तिनं वाचलं होतं, पण अर्ज करायची वेळ आली नाही. ग्रामसेवकांनी रजिस्टर समोर ठेवलं. तिनं पानं चाळली. पाटीवर दिवा हवा असं कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं. सभेला गावठाणातली माणसं येत होती, त्यांनी गावठाणातले दिवे मागितले, ते आराखड्यात गेले. वस्तीवरचं कुणी आलं नव्हतं, वस्तीवरच्या बायका तर कधीच नाही.

आता वस्त्यांवरच्या माणसांना सभेला आणायचं कसं? एकेक वस्ती कोस-कोस लांब, आणि दिवसा घरी कुणी सापडत नाही. उपाय मैत्रिणीला सुचला. ती म्हणाली, “आठवडी बाजाराला सगळी एका जागी असतात की.”

करकंबच्या बाजाराला आसपासच्या गावांची माणसं लोटतात. बोरं, भाजी, कडधान्यं, शेळ्या, सगळं तिथं येतं. करकंबची बाजार आमटी जिल्ह्याबाहेरही नावाजलेली आहे. निरनिराळ्या डाळी एकत्र शिजवलेली, झणझणीत, भाकरी कुस्करून खायची. खरेदी-विक्री उरकून माणसं जेवायला टेकतात तेव्हा त्यांना जरा उसंत असते. दोघी तिथं जाऊन आपल्या गावची माणसं शोधू लागल्या. बायका भाजीच्या ओळीत सापडल्या, पुरुष आमटीपाशी.

पहिल्या बाजारात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. एका मावशींनी विचारलं, “सभेला आलं तर काय मिळतंय?” एक काका म्हणाले, “आगं, सगळं आधीच ठरल्यालं असतंय. आपुन जाऊन काय करायचं?”

थोरलीकडं तयार उत्तर नव्हतं. तिनं रजिस्टरात जे पाहिलं ते सांगितलं. “काका, दिवे कुठं लावायचे ते ठरलं त्या दिवशी सभेत किती जण होते ते मी वाचलंय. त्यात आपल्या वस्तीवरचा एकही नव्हता. तुमची पोर माझ्याच एसटीला असते.”

काका काही बोलले नाहीत. पण पुढच्या बाजाराला त्यांनीच दुसऱ्या दोघांना हाक मारून तिच्यापाशी आणलं.

थोरली नंतरही बाजाराला जात राहिली. पत्रकं छापली नाहीत, भाषण केलं नाही. प्रत्येक बाईला तिनं एकच गोष्ट नीट समजावली. ग्रामसभेच्या आधी बायकांची स्वतंत्र महिला ग्रामसभा घ्यावी लागते, असं महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तिथं बोलायला पुरुषांचा अडसर नाही. आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कशावर झाला हे विचारता येतं. एप्रिलमध्ये तिचं नाव यादीत आलं. तिनं ते मोबाइलवर आजीला दाखवलं. आजीच्या नावाखाली तीन ओळी सोडून तिचं नाव होतं.

आजीनं आजवर एकही निवडणूक चुकवली नव्हती. पण ग्रामसभेला ती एकदाही गेलेली नव्हती. “आमास्नी कोन बलवतंय?” असं ती म्हणायची. या वेळी नातीनं बोलावलं होतं.

30 एप्रिलला महिला ग्रामसभा झाली. सरपंच बाईच होत्या. इतक्या बायका एकदम आलेल्या पाहून त्यांनाच आधी विश्वास बसेना, मग त्यांचा चेहरा खुलला. सही करण्यापुरत्या बायका बोलावल्या जातात याचं त्यांनाही दुःख होतं, तसं त्या बोलून गेल्या. थोरलीनं मुद्दे लिहून आणले होते. ती उठणार तोच आजी उठली.

“माज्या नातीच्या मैत्रिणीचं कालेज सुटायला आलंय,” आजी म्हणाली. “पोर हुशार हाय. बापाला इचारलं तर म्हनतो, अंधार हाय. खांब उभा हाय, त्याला दिवा न्हाय. आता मला सांगा, दिवा लावायचा सोडून पोरगी घरी बसवायची व्हय?”

थोरलीनं आणलेला कागद तसाच हातात राहिला. ठराव एकमतानं झाला.

1 मे ला सकाळी झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. साने गुरुजी पंढरपुरात बसले तोच दिवस, हे थोरलीच्या ध्यानात होतं. उन्हाचा तडाखा आठ वाजल्यापासूनच होता. गणपूर्तीला माणसं कमी पडत होती. सभा पुन्हा तहकूब होणार असं दिसत असतानाच एका ट्रॉलीतून वस्तीवरच्या बायका आल्या, मागोमाग बाजारातले ते काका. आकडा शंभराच्या पुढं गेला. पटकेवाले आजोबा त्याच जागी बसले होते. थोरली त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, “आजोबा, नाव आलंय यादीत.” आजोबांनी सरकून तिला जागा दिली.

पाटीवरच्या दिव्याची मागणी तिनंच मांडली. महिला ग्रामसभेचा ठराव वाचला गेला. फारशी चर्चा झाली नाही, दिवा आराखड्यात घ्यायचं ठरलं.

पण थोरलीची आणखी एक मागणी होती. गावात अभ्यासिका हवी. तिच्या मते ती दिव्याइतकीच महत्त्वाची होती. ती पोटतिडकीनं बोलली. तेव्हा वस्तीवरचीच एक तरुण आई उठली. अंगणवाडीचे पत्रे गळतात, पावसाळा तोंडावर आलाय, लेकरं ओल्यात बसतात, आधी पत्रे बदला, असं तिचं म्हणणं. उरलेला पैसा एकाच कामाला पुरणारा. सभेनं हात वर करून कौल दिला. पत्र्यांच्या बाजूनं हात जास्त होते, आजीचाही त्यातच होता.

थोरली घरी येताना फुगून बसली. “आजी, तू पण?”

“मग?” आजी म्हणाली. “तुजं नाव यादीत आलं म्हणून बाकीच्यांची पुसली का? त्या लेकीचं बी हायच की. तुजी आब्यासिका पुढल्या वर्षी माग. तवर चार मानसं तुज्या बाजूला कर.”

थोरलीनं बाईंना नंतर नव्यानं जी दोन पानं लिहून दिली, त्यात दिव्याबद्दल थोडंच होतं. बरंचसं या पत्र्यांबद्दल होतं. बाईंनी ती पानं वर्गात वाचून दाखवली आणि पुढच्या तुकडीलाही हेच काम द्यायचं ठरवलं. मैत्रिणीनं तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला.

गोष्ट इथं संपली, पण एक विनंती राहिली. कॉलेजात शिकणाऱ्या ज्या मुला-मुलींपर्यंत ही गोष्ट पोचेल त्यांनी आज आपलं नाव मतदार यादीत आहे का ते पाहावं. नसेल तर नमुना 6 भरावा. वर्षातून चार तारखांना वय मोजलं जातं, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. प्राध्यापकांनी संविधान दिनाच्या कार्यक्रमाला जोडून आपल्या विद्यार्थ्यांना एका तरी ग्रामसभेला, शहरात असाल तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या सभेला पाठवावं. महाराष्ट्रात प्रत्येक गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तुमच्या गावची पुढची कधी आहे ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतं. ते वाचा, आणि जाताना शेजारच्या घरातल्या एका तरी बाईला सोबत घेऊन जा.